एटीएनएफ पल्सर सूची: सोबत्याला झिजवणारे पल्सर शोधताना

ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेची एटीएनएफ (ऑस्ट्रेलिया टेलिस्कोप नॅशनल फॅसिलिटी) पल्सर सूची ही विनाशुल्क सेवा आहे आणि मिलिसेकंद पल्सरांच्या निकटच्या जोड्यांविषयी कुतूहल असणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी स्वतः हाताळून पाहावी, असे मला मनापासून वाटते. पल्सर म्हणजे स्वतःभोवती फिरताना ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा; मिलिसेकंद पल्सराची एक गिरकी काही मिलिसेकंदांतच पुरी होते, आणि जोडीत त्याच्यासोबत फिरणारा दुसरा तारा हा त्याचा सोबती. सूचीसाठी नोंदणी करावी लागत नाही. तीन हजारांहून अधिक पल्सरांच्या माहितीतून हवे ते रकाने निवडायचे, खालच्या चौकटीत अट लिहायची आणि तक्ता मागवायचा.

मी घातलेली अट साधी होती: स्पंदनकाल १० मिलिसेकंदांहून कमी, प्रदक्षिणाकाल एका दिवसाहून कमी आणि सोबत्याचे किमान वस्तुमान सूर्याच्या ०.०५ पटीहून कमी. हाती आलेली यादी मुख्यतः ‘ब्लॅक विडो’ जातीची, म्हणजे प्रारणाच्या आणि कणांच्या माऱ्याने सोबत्यालाच झिजवत नेणाऱ्या पल्सरांची. तीत १९८८ साली अरेसिबोच्या दुर्बिणीने शोधलेला या जातीचा पहिला पल्सर आहे आणि जे१५४४+४९३७ हीदेखील ओळ आहे. हा पल्सर आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीने, फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांत दिसलेल्या पण ओळख न पटलेल्या स्रोतांचा मागोवा घेताना शोधला. तो २.१६ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घेतो, जोडीची प्रदक्षिणा २.९ तासांत पुरी होते आणि सोबत्याचे किमान वस्तुमान सूर्याच्या ०.०१७ पट, म्हणजे गुरूच्या सुमारे अठरा पट भरते.

यातला ‘किमान’ हा शब्द नजरेआड करू नये. स्पंदांच्या आगमनवेळांवरून पल्सरची केवळ आपल्या दृष्टिरेषेतली हालचाल कळते. म्हणून सूची पल्सरचे वस्तुमान सूर्याच्या १.३५ पट आणि कक्षा आपल्याला नेमकी कडेने दिसते असे धरून हा आकडा काढते, आणि कक्षेचा कल ६० अंश धरून काढलेला आकडा वेगळ्या रकान्यात देते. हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचणे मला फार उपयोगाचे वाटले.

ग्रहणांसाठी मात्र तक्ता पुरत नाही. खोडदचा पल्सर ३२२ मेगाहर्ट्‌झवर प्रदक्षिणेचा १३ टक्के काळ, म्हणजे साधारण बावीस मिनिटे, झाकला जातो. पण ६०७ मेगाहर्ट्‌झवर त्याच काळात तो दिसत राहतो, आणि त्यावरूनच कळते की आड येतो तो सोबत्याचा घन गोळा नसून त्याच्यापासून सुटलेला विद्युतभारित वायू आहे. ही कहाणी मूळ शोधनिबंधातच वाचावी लागते. तिथवर पोहोचवणारा संदर्भसंकेत सूचीत प्रत्येक मोजमापासोबत मिळतो, ही तिची मोठी जमेची बाजू.

किंचित जड सोबती असलेले ‘रेडबॅक’ हवे असल्यास वस्तुमानाची मर्यादा ०.१ ते ०.५ अशी ठेवावी, पण सोबत्याच्या प्रकाराचा रकानाही जरूर मागवावा, नाहीतर हेलियमच्या श्वेत बटूंची, म्हणजे ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांची, गर्दी त्यांत मिसळते.