केबिन फिल्टर (गाडीत आत येणारी हवा गाळणारा): साधा पांढरा की कार्बनवाला?
बसवायला दोन्ही सेमच, बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्स रिकामा करून बाजू आत दाबल्या की तो खाली येतो, मागे झाकण, आत फिल्टर, फक्त हवेच्या दिशेचा बाण नीट बघून लावा. साधा धूळ, परागकण, पाचोळा मस्त अडवतो आणि स्वस्त पडतो, पण ट्रकच्या धुराचा वास तसाच आत येतो. कार्बनवाल्याच्या राखाडी घड्यांतला कोळसा तो वास बराचसा शोषतो, माझ्या मुलीला घाटात डिझेलच्या वासाने मळमळायचं ते खूप कमी झालंय. महाग आहे खरा, आणि धुऊन परत वापरता येत नाही. धुळीच्या कच्च्या रस्त्यांवर जास्त फिरत असाल तर साधाच घ्या, लवकर लवकर बदला, पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकसाठी मात्र मी कार्बनच घेईन.