भिंतीवर डोरोथिया लँग: एक दिवाळी, एक पावसाळा

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी आमच्या हॉलमध्ये तीन फ्रेम लागल्या. डोरोथिया लँग, गॉर्डन पार्क्स आणि वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकारांचा एकेक कृष्णधवल फोटो. त्याला आता अकरा महिने होत आले, आणि मधे ठाण्याचा अख्खा पावसाळा गेला. फ्रेम लावल्या त्याच संध्याकाळी मी अगदी भारावून लिहायला बसले होते. थांबले ते बरं झालं, कारण खरा अनुभव जुलैत आला.

खरं तर मला हवा होता अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइटचा चरख्याशेजारी वाचत बसलेले गांधीजी हा फोटो. तो १९४६ साली पुण्यात काढलेला. ऑनलाइन शोधला तर पोस्टर ढिगाने मिळाली, तीनशे रुपयांपासून पुढे. एक मागवलं. चरख्याच्या आऱ्या एकमेकींत मिसळलेल्या, सावलीचा नुसता काळा गोळा. इंटरनेटवरची छोटी प्रतिमा ओढूनताणून मोठी केली होती. मूळ फोटो कुठून घेतला, कोणत्या कागदावर छापला, छापायची परवानगी कुणाची, यातलं काहीच त्यावर नव्हतं. ते पोस्टर मी कधी लावलंच नाही.

मग रीतसर वाटा शोधल्या. मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेचा स्क्वेअर प्रिंट सेल ठरावीक दिवसच चालू असतो. प्रिंट ६ × ६ इंचांची, छायाचित्रकाराच्या सहीची, आणि तो हयात नसेल तर वारसांच्या शिक्क्याची. सुरुवातीची कित्येक वर्षं किंमत १०० डॉलर होती. माझ्या मैत्रिणीकडे अशी एक प्रिंट आहे. फार देखणी आहे, पण ती हातात घेऊन किंवा टेबलाजवळ बसून बघायची. सोफ्यावरून काही दिसत नाही. अमेरिकेतले निसर्ग-छायाचित्रकार ॲन्सेल अ‍ॅडम्सच्या मूळ निगेटिव्हवरून त्यांचे जुने सहायक ॲलन रॉस हाताने प्रिंट करतात, त्या योसेमिटी मालिकेच्या प्रिंट काही शे डॉलरला मिळतात. ज्यांना झेपत असेल त्यांनी त्या जरूर घ्याव्यात, कारण निगेटिव्ह अ‍ॅडम्सची आणि प्रिंट करणारा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. मला ते झेपत नव्हतं.

मला परवडलं ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमुळे. १९३५ पासून फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (आधीचं नाव रिसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) या सरकारी खात्याने रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली लँग, इव्हान्स, पार्क्स अशा छायाचित्रकारांकडून मंदी आणि दुष्काळाने पिचलेल्या ग्रामीण अमेरिकेचे फोटो काढून घेतले. पुढे युद्धकाळाचे फोटोही त्यात आले. कृष्णधवल निगेटिव्ह पावणेदोन लाखांच्या आसपास. काम सरकारी नोकरीत केलेलं, त्यामुळे त्यावर कॉपीराइटचं बंधन नाही. मोठ्या टिफ फाइल कुणीही फुकट उतरवून घ्याव्यात. मात्र ही मोकळीक त्या सरकारी कामापुरतीच आहे. याच लोकांनी खासगीत काढलेले फोटो यात येत नाहीत.

या संग्रहात हिंडताना काही फोटोंच्या मधोमध काळी गोल टिकली दिसते. स्ट्रायकरना जी निगेटिव्ह पसंत पडत नसे तिला ते सरळ भोक पाडत. माणसाच्या चेहऱ्यावर, शेताच्या आभाळात, कुठेही. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला चीड आली होती. अजूनही येते.

फाइल उतरवली म्हणजे प्रिंट झाली असं मी धरून चालले होते. तसं नसतं. स्कॅन फिकट, राखाडी असतो, कडेला निगेटिव्हची किनारही दिसते. पहिली प्रिंट मी लग्नाचे अल्बम करणाऱ्या जवळच्या लॅबमधून काढली. कागद रंगीत फोटोंचा, वर मशीनचं ऑटो करेक्शन चालू. लँगच्या ‘मायग्रंट मदर’ या फोटोतल्या मजूर आईचा चेहरा जांभळट आला आणि मागचा काळोख हिरवट. दोनशे रुपये गेले, पण धडा मिळाला. भाच्याला घेऊन संगणकावर बसले आणि काळा-पांढरा कुठवर ओढायचा ते शिकले. लायब्ररीच्या संग्रहात काही फोटोंच्या त्या काळातल्या प्रिंटचेही स्कॅन आहेत. ते शेजारी उघडून ठेवले, म्हणजे चेहरा किती गडद असावा याचा अंदाज आला. यात दोन रविवार गेले. प्रिंट स्वस्तात हवी असेल तर हे दोन रविवार द्यावेच लागतात.

मग दादरच्या एका प्रिंटरकडे गेले. तो प्रदर्शनांची कामं करतो. कॉटनचा जाड मॅट कागद (वजन ३०८ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०८ ग्रॅम), टिकाऊ पिगमेंट शाई. लँग आणि पार्क्स १२ × १५ इंच, इव्हान्स १६ × २०. हे आकार मुद्दाम घेतले. या निगेटिव्ह ४ × ५ आणि ८ × १० इंचांच्या, त्यामुळे याच प्रमाणात छापलं तर कुठेही कापाकापी होत नाही. लॅबवाले १२ × १८ सुचवतात, त्यात डोकं तरी जातं नाही तर पाय. १२ × १५ नीट यायला ३६०० × ४५०० पिक्सेल लागतात, फाइल उतरवतानाच तेवढे बघून घ्या. आणि आधी टेस्ट स्ट्रिप, म्हणजे फोटोच्या एका भागाची छोटी चाचणी प्रिंट, मागा. मला शंभर रुपयांत मिळाली, आणि ती मी अजून जपून ठेवली आहे. का ते पुढे येईल.

लँगची फाइल स्क्रीनवर मोठी केली तेव्हा प्रिंटरने उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. ‘मॅडम, इथे धूसर डाग आहे, काढू का?’ तो डाग नव्हे, अंगठा आहे. तंबूचा खांब धरलेला अंगठा लँगला खटकायचा, म्हणून नंतर निगेटिव्हवर तो पुसून घेतला होता. पण पूर्ण गेला नाही. मी म्हटलं, राहू दे. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. फोटो छापून आल्यावर सरकारने त्या तळावर २०,००० पौंड अन्न पाठवलं. तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलं होतं. त्या बाईंचं नाव जगाला कळलं थेट १९७८ मध्ये: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. या फोटोचा मोबदला म्हणून त्यांना एक पैसाही मिळाला नाही. माझ्या फ्रेममागे मी पेन्सिलीने लँगच्या नावाआधी त्यांचं नाव लिहिलं आहे.

खर्चाचं सांगायचं तर तिन्ही प्रिंट मिळून साडेपाच हजार आणि फ्रेमिंग नऊ हजार. हे प्रमाण बघून घरात भुवया उंचावल्या. आज विचाराल तर मी फ्रेमिंगला आणखी पैसे घातले असते.

कारण पावसाळा. फ्रेमवाला प्रिंट हार्डबोर्डवर सरळ चिकटवून द्यायला निघाला होता, तो माझा पहिला वाद. शेवटी लँग आणि पार्क्स त्याने आम्लविरहित माउंटमध्ये (प्रिंटभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत), वरच्या बाजूला कागदी पट्ट्यांवर टांगून बसवले. इव्हान्सला मात्र मीच हट्टाने माउंट नको म्हटलं, काच कडेपर्यंत हवी होती मला. ती भिंतही बाहेरची, पश्चिमेकडची. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बघते तर कागदाला लाटा आल्यात आणि खालचा कोपरा काचेला टेकलाय. फ्रेम उतरवली तर मागच्या हार्डबोर्डवर राखाडी बुरशीचे ठिपके. छाती धडधडली. कोपरा काचेला चिकटला नव्हता, जरासा टेकला होता, म्हणून वाचला. प्रिंट काढली, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवली, चार दिवसांत बरीच सपाट झाली. हार्डबोर्ड फेकला.

तेव्हापासून काच आणि प्रिंट यांच्यात पट्टी टाकून अंतर ठेवलं आहे, फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावल्या आहेत, म्हणजे भिंतीला फ्रेम टेकत नाही आणि हवा खेळते. इव्हान्स आतल्या भिंतीवर आला. बाकीच्या दोन्ही प्रिंटना अख्ख्या पावसाळ्यात काही झालं नाही. कसर लागली नाही, वास नाही, लाटा नाहीत. कोकणात किंवा मुंबईच्या बाजूला राहत असाल तर बाहेरच्या भिंतीवर कागदाचं काही लावूच नका, असं मी कळकळीने सांगते.

आता ती टेस्ट स्ट्रिप. पाकिटात, अंधारात होती. गेल्या रविवारी लँगच्या प्रिंटशेजारी धरून बघितली, अकरा महिने उजेडात काढूनही माझ्या डोळ्यांना फरक दिसला नाही. मॅट कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल येत नाही हे खरं, इव्हान्सच्या फोटोत ते जाणवतं. पण त्या फोटोत मी रमते ती वेगळ्याच कारणाने. अलाबामाच्या हेल काउंटीतलं, वाट्याने शेती करणाऱ्या एका कुळाचं लाकडी घर, १९३६. बाहेर हात धुवायचं भांडं, खुंटीला टॉवेल, दारातून आत दिसणारा टेबलावरचा रॉकेलचा दिवा. ८ × १० ची निगेटिव्ह असल्याने लाकडाची रेघ न् रेघ दिसते. गुहागरच्या आजोळची मोरी आणि कंदील मला त्यात दिसतो. ही मोठी करून घेतली याचा आनंद आहे.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते पार्क्सच्या फोटोवर. ऑगस्ट १९४२, वॉशिंग्टन. एला वॉटसन, सरकारी कचेऱ्या झाडणाऱ्या बाई, मागे अमेरिकेचा झेंडा, एका हाताशी झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी म्हटलं, ‘केरसुणी अशी उभी धरू नये गं. आणि तीही लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर!’ मी फ्रेम काढली नाही, त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. पण लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहून झाल्यावर त्या या फोटोसमोर थोडा वेळ उभ्या होत्या.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी दोन महिन्यांनी विचारलं, ‘वहिनी, ही कुणाकडे कामाला होती?’

‘सरकारी ऑफिसात.’

‘मग पगार बरा असेल.’

वर्षाला १,०८० डॉलर. त्यात दत्तक मुलगी आणि नातवंडं. मी महिन्याचा हिशेब करून सांगितला, ९० डॉलर. त्यांनी रुपयात किती विचारलं नाही. ‘घर चालवायची ना पण,’ एवढंच म्हणाल्या. आता ती काच त्या कधीच ओल्या फडक्याने पुसत नाहीत. कोरडा सुती कपडा वेगळा ठेवला आहे त्यांनी, बाकीच्या दोन फ्रेमनाही तोच.

चौथी प्रिंट ठरली आहे. अ‍ॅडम्सने १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मान्झानारच्या छावणीत, दुसऱ्या महायुद्धात तिथे डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांचे फोटो काढले आणि १९६५ मध्ये तो संच लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकला. त्याच्याही फाइल फुकट उतरवता येतात. हिवाळ्यात छापेन, हवा कोरडी असताना. या वेळी माउंटसकट.