कोल्हापुरातल्या एका एनआयसीयूबद्दल (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग): पाचपैकी चार स्टार

आमची मुलगी २९ व्या आठवड्यात झाली. वजन १,१२० ग्रॅम. गावाकडे सगळे "बाळ काचेत ठेवलंय" एवढंच एकमेकांना सांगत होते. काचेच्या आत काय चालतं ते मी जवळून बघितलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तिला न्यूमोनिया झाला आणि तो इथेच, उपचार चालू असताना झाला. तरीही मी चार स्टार देतोय. फुफ्फुसं कच्ची होती, म्हणून सर्फॅक्टंट (फुफ्फुसं उघडी राहावीत म्हणूनचं औषध) देऊन व्हेंटिलेटर लावला होता. सुरुवातीला बरं चाललं होतं. मग ऑक्सिजन वाढवावा लागला, सक्शन करताना घट्ट पिवळा स्राव येऊ लागला, एक्स-रेत नवीन डाग दिसला. "बाळ नाजूक आहे, काही सांगता येत नाही" असं म्हणून डॉक्टरांना मोकळं होता आलं असतं. डॉक्टर मॅडमनी तसं केलं नाही. आम्हा दोघांना समोर बसवून त्या म्हणाल्या, हा व्हेंटिलेटरवर असताना झालेला न्यूमोनिया आहे. व्हेंटिलेटरची श्वासनलिकेतली नळी ४८ तासांपेक्षा जास्त राहिली की धोका वाढत जातो. जंतूंना सरळ फुफ्फुसापर्यंत वाट मिळते, आणि एवढ्या बाळाला खोकून काही बाहेर टाकता येत नाही. आईकडून येणारी प्रतिकारशक्ती बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत पोटात मिळते, ती हिला मिळालीच नव्हती.

कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही नवजात बाळांच्या रक्तात सापडलेल्या जंतूंमध्ये असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हेच पुढे होते, आणि त्यातल्या पुष्कळांवर नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नव्हती. हे वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. इथे रिपोर्ट येईपर्यंत दोन अँटिबायोटिक्स दिली, आणि रिपोर्ट आल्याबरोबर नको असलेलं एक बंद केलं. आम्ही विचारलंही नव्हतं.

मी दूध संकलन केंद्रावर काम करतो. एक कॅन नीट धुतला नाही तर सगळ्या टँकरचं दूध नासतं, त्यामुळे माझं लक्ष पहिल्यांदा हातांकडेच जातं. इथे नळ कोपराने चालू होतो, प्रत्येक वॉर्मरला (बाळाला ऊब देणारा छोटा पलंग) हात चोळायची वेगळी बाटली आहे, प्रत्येक बाळाचा स्टेथोस्कोप वेगळा. इन्चार्ज सिस्टर राऊंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही अंगठी आणि घड्याळ काढायला लावतात. माझ्या आईला हातातल्या बांगड्या काढायला फार जड गेलं. दारावरच्या मावशींनी तिचं सगळं ऐकून घेतलं, गोड बोलल्या, पण काढल्याशिवाय आत सोडलं नाही. मला त्या मावशींबद्दल डॉक्टरांइतकाच आदर आहे.

नळी लवकरात लवकर काढायची, यावर रोज सकाळी चर्चा व्हायची. नळी निघून सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं मशीन) लागला तसं बायकोला कांगारू पद्धतीने बाळ छातीशी धरायला दिलं, नंतर मलाही. बायकोचा चीक पहिल्यापासून थेंब-थेंब बाळाच्या गालाच्या आत लावत होते. डब्याचं दूध कुणी सुचवलंसुद्धा नाही.

आता कापलेला स्टार. रात्रपाळीला सिस्टर कमी असतात. एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरवरचं बाळ आणि शिवाय बाकीची बाळं. दोन मॉनिटर एकदम वाजले की ती कुणाकडे आधी जाणार? हात नीट चोळायला निदान २० सेकंद लागतात. ती चोळायची, पण पळत पळत. संसर्ग अशाच वेळी होतो असं मला मनापासून वाटतं. व्यवस्थापनाने खालची लॉबी नंतर सजवावी, आधी रात्रीच्या सिस्टर वाढवाव्यात. मी लेखी दिलंय, इथेही मागतोय.

कुणाचं बाळ लवकर झालं असेल तर एसी आणि मशीनची कंपनी बघत बसू नका. रात्री एका सिस्टरकडे किती बाळं असतात ते विचारा, आणि नळी कधी काढणार हे रोज विचारा. खर्च झेपणार नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांचा सरकारी विभाग) उपचार मोफत होतात, तिथेही हेच प्रश्न विचारा.

मुलगी आता घरी आहे, अंगावर पिते. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची आठवण करायला हॉस्पिटलमधून स्वतःहून फोन आला होता. ती तपासणीही झाली.