चाप सैल होता, बिघडलेला नव्हता

अमेरिकेत राहणाऱ्या, नुकतीच पॉइंट टू-टूची (बारीक, ०.२२ इंची गोळीची) रायफल घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. माझे २६० डॉलर गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण धड असलेली रायफल मी पैसे मोजून धोक्याची करून घेतली आणि ती तेरा वर्षांच्या लेकीच्या हातात देणार होतो, हे आठवलं की अजून झोप उडते.

आम्ही मूळचे राधानगरीकडचे, आता ओहायोत. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा घरात दिवाळी होती. कांबळवाडी आमच्याच तालुक्यातली. लेकीनं त्या दिवसापासून धोशा लावला, मला नेमबाजी शिकायचीय. स्वप्नीलची रायफल आणि आपण इथे दुकानात बघतो ती लिव्हरची (चापाखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची) रायफल यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण काडतूस तेच, पॉइंट टू-टू लाँग रायफल. १८८७ पासून चालत आलेलं. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, शिकणाऱ्याला उत्तम.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मंडळातले बरेच जण विचारतात. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असताना इथे बंदूक बाळगायला सहसा बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका. मी ग्रीन कार्ड हातात आल्यावरच घेतली, परवानाधारक दुकानातून, सरकारी फॉर्म भरून. जुनी वापरलेली होती, ४२० डॉलरला. लाकडी दस्त्यावर एक ओरखडा होता, बाकी नळी आतून आरशासारखी.

रेंजवर दुसऱ्याच शनिवारी लेक म्हणाली, "बाबा, चाप हलतोय बघ." खरंच हलत होता. लिव्हर मिटलेली, घोडा (चाप ओढला की पिनेवर आदळते ती मागची हातोडी) उतरवलेला, आणि करंगळीनं ढकललं तरी चाप, म्हणजे ट्रिगर, मागेपुढे डोलायचा, कडी सैल झालेल्या झोपाळ्यासारखा. बारीक टिक-टिक आवाजही यायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि नेमकं हेच शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या लक्षात आलं.

साठीचा, गोड बोलणारा. मी चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय म्हणाला. रायफल हातात घेतली, लिव्हर जराशी उघडून चाप डोलवून दाखवला आणि चेहरा गंभीर केला. आतली सीअर, म्हणजे चढवलेला घोडा धरून ठेवणारा भाग, झिजलीय, स्प्रिंग मेलीय, ही कधीही आपोआप उडेल, असं त्यानं ठासून सांगितलं. मग लेकीकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "पोरीला ही चालवू देऊ नकोस, बाबा रे, मी असतो तर दिली नसती." तिथे मी संपलो. बापाच्या काळजाला हात घातला की तो हिशेब विचारत नाही.

त्याच्या घराच्या गॅरेजमध्येच सगळा कारभार. तपासणीचे ४० डॉलर, मग नवीन सीअर, स्प्रिंग आणि मजुरी मिळून २२०. सगळे रोख. रायफल चार दिवस त्याच्याकडे राहिली. पावती मागितली तर टार्गेटच्या कागदाच्या पाठीवर आकडा लिहून दिला. जुना भाग परत द्या म्हटलं, तर लगेच प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत एक काळपट, कड झिजलेला लोखंडी तुकडा हातात ठेवला. तो तुकडा बघून माझी खात्रीच पटली की माणूस प्रामाणिक आहे.

रायफल परत आली तेव्हा चाप डोलायचा थांबला होता आणि इतका हलका झाला होता की बोट टेकताच घोडा पडायचा. मला ती सुधारणा वाटली.

पुढच्या शनिवारी लेकीला द्यायच्या आधी मी स्वतः बाकावर बसलो. नळी टार्गेटकडे, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं, बोट घालून दोनदा तपासलेलं. चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा पिवळा स्क्रू-प्लग घातला होता, भिंतीत स्क्रू बसवायला वापरतात तो. पॉइंट टू-टू हे रिमफायर काडतूस, म्हणजे बारूद पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, त्यामुळे फायरिंग पिनही कडेवरच मारते. रिकाम्या चेंबरवर घोडा पाडत राहिलात तर बऱ्याच रायफलींत पिन थेट चेंबरच्या तोंडावर आदळते आणि तिथे खड्डा पडतो. म्हणून तो प्लग. घोडा पूर्ण चढवला, रायफल उचलली आणि दस्ता बाकावरच्या चटईवर जरा जोरात टेकला गेला. खट्. घोडा पडला. माझं बोट चापाच्या जवळपासही नव्हतं.

आत काडतूस असतं तर? लेक माझ्या डाव्या हाताला उभी होती.

त्याच दिवशी इथल्या काउंटीच्या मुख्य गावातल्या एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं आधी रायफल हातात न घेता मागच्या रॅकवरून त्याच मॉडेलची दुसरी काढून माझ्यापुढे ठेवली. तिचा चाप तसाच डोलत होता, टिक-टिक. मी बघतच राहिलो.

त्यानं समजावलं ते असं. काही लिव्हर रायफलींत चाप आणि सीअर हे दोन वेगळे भाग असतात. घोडा धरून ठेवायचं काम सीअरचं, स्प्रिंगचा ताणही तिच्यावर. लिव्हर पूर्ण मिटलेली नसताना चाप ओढला तरी घोडा सुटू नये, अशी ती सोय. चाप बिचारा मधे मोकळा असतो म्हणून डोलतो. बघायचं असतं ते वेगळंच: रिकामी रायफल, घोडा पूर्ण चढवलेला, आणि तो तिथे घट्ट राहतो का. माझ्या रायफलीचा आधी घट्ट राहत होता. मी ते कधी तपासलंच नव्हतं.

मग त्यानं माझी उघडली. आत नवीन सीअर वगैरे काही नव्हतं. जुनीच होती, तिची कड दगडावर घासून गुळगुळीत केलेली, आणि घोड्याची खाचही कानशीनं उथळ केलेली. भिंगातून मला दाखवली. ताज्या घासण्याच्या रेघा चमकत होत्या. चाप डोलू नये म्हणून मागे तारेचा एक वाकडा तुकडा कोंबला होता. शेवटी मी पिशवीतला तो काळपट भाग पुढे केला. त्यानं भागांच्या नकाशावर ठेवून बघितला आणि मान हलवली. तो या मॉडेलचा नव्हताच.

नवीन घोडा आणि सीअर बसवायला १७५ डॉलर गेले. ते देताना एकदाही जड वाटलं नाही.

मला हे आधी माहीत असायला हवं होतं: इथे धंदा म्हणून बंदूक दुरुस्त करणाऱ्याला फेडरल परवाना लागतो. बंदूक त्याच्याकडे रात्रभर राहणार असेल तर त्याला ती नोंदवहीत चढवावी लागते, तुमचं नाव-पत्ता आणि रायफलीच्या नंबरासकट. या दुसऱ्या माणसानं मी विचारायच्या आत वही उघडली. पहिल्यानं चार दिवस ठेवली आणि नंबर बघितलासुद्धा नाही. तुमची बंदूक घेताना कोणी वही काढली नाही तर ती तिथे सोडू नका, त्याच पावली गाडीत ठेवा. जुना भाग हवा असेल तर तो तुमच्या डोळ्यांसमोर निघालेला हवा. आणि तुमच्या मुलाचं नाव घेऊन कोणी घाई करू लागला, तर त्याला सांगा की त्याच मॉडेलची दुसरी रायफल आणून दाखव.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. रेंजच्या अधिकाऱ्याला मी सगळं सांगितलं, पिशवीतला तुकडा दाखवला आणि विनापरवाना धंद्याची लेखी तक्रारही केली. अजून उत्तर आलेलं नाही. तो तुकडा आणि टार्गेटच्या पाठीवरचा आकडा मी जपून ठेवलाय, विचारायला कोणी आलं तर दाखवायला.