घाटातला पाऊस, थंडी आणि मोटरसायकल: जॅकेटमधले अस्तर की वरून घालायचा रेनसूट?

सातारा ते महाबळेश्वर हा रस्ता मला कामासाठी बारा महिने मोटरसायकलने करावा लागतो. कधी मेढा-केळघरमार्गे, कधी वाईवरून पसरणीचा घाट चढून, तर काही वेळा पुढे आंबेनळी उतरून पोलादपूरपर्यंत. गेल्या जूनपासून फेब्रुवारीपर्यंत या रस्त्यावर जे साहित्य वापरले, त्याचा हा अनुभव आहे. कंपन्यांच्या नावांपेक्षा वस्तूच्या रचनेबद्दल लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण एकाच कंपनीच्या दोन जॅकेटांत पाणी अडवण्याची पद्धत पूर्णपणे वेगळी असू शकते.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण साडेपाच ते सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एकदा झड लागली की आडोशाला थांबून ती ओसरण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. त्यातच साताऱ्यापेक्षा महाबळेश्वर सहाशे मीटरहून अधिक उंच असल्याने वर पोहोचेपर्यंत तापमान चारेक अंशांनी उतरते. त्यामुळे आमच्याकडे भर जुलैतही हुडहुडी भरते, आणि तिचे कारण नुसती हवा नसून ओले कपडे आणि त्यांवर सतत आदळणारा वारा हे असते.

जाळीच्या रायडिंग जॅकेटमध्ये आतून जोडायचे जलरोधक अस्तर मिळते. या अस्तराने अंग कोरडे ठेवले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु बाहेरचे जॅकेट पाणी पिऊन जड होते, खिशांत पाणी साचते आणि त्या ओल्या कापडावरून वारा वाहू लागला की बाष्पीभवन सुरू होते. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे 2,400 जूल उष्णता घेते आणि तिच्यातला काही वाटा अस्तराच्या आतल्या आपल्या शरीरातून जातो. अंग कोरडे असूनही केळघरच्या वर गेल्यावर खांदे आणि दंड गार पडतात ते यामुळेच. शिवाय पावसाळी हवेत असे जॅकेट दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाही, आणि भर रस्त्यात अस्तर जोडायचे तर जॅकेट अंगातून काढावेच लागते.

म्हणून माझे मत जॅकेटच्या वरून घालायच्या दोन भागांच्या रेनसूटकडे झुकले आहे. पाणी सर्वांत बाहेरच अडले की आतले जॅकेट, त्यातले पडल्यावर मार अडवणारे पॅड आणि उबदार थर कोरडे राहतात. यात घाम कोंडतो, ही तक्रार खरी आहे. मेढ्याच्या दमट हवेत आतल्या बाजूला ओल धरते आणि सूट गळतो आहे असे वाटते. पाणी अडवून वाफ बाहेर सोडणाऱ्या महागड्या कापडाने हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा असते, परंतु ते कापड आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबातील, फरकावर चालते. बाहेरची हवा संपृक्त असेल आणि वरचा थर भिजून चिंब झाला असेल, तर त्याची क्षमता बरीच घटते. कोरड्या थंडीच्या प्रदेशात त्याला तोड नसेल; सह्याद्रीच्या पावसात मात्र त्यासाठी तिप्पट पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

रेनसूट घेताना कापडाआधी शिवण पाहावी. पँटची जांघेतली शिवण ही सर्वांत कच्ची जागा असते, कारण बसलेल्या स्थितीत टाकी आणि मांड्या यांच्यामध्ये पाण्याचे तळे साचते आणि चालकाच्या वजनाने ते शिवणीत दाबले जाते. माझ्या सूटमध्ये त्या जागेवरची आतली सीलिंग पट्टी ऑगस्टच्या अखेरीस एका टोकाला सुटू लागली. बोटाच्या पेराएवढी जागा उघडी पडली आणि तेवढ्यातून आतली पँट भिजू लागली. ज्या सूटच्या पँटला बैठकीच्या भागात शिवणच नसते, अखंड कापड असते, तो निवडावा. चेनवर एकच पट्टी असून चालत नाही. दुमडलेली पन्हळ असलेली दुहेरी पट्टी हवी, म्हणजे आत शिरलेले पाणी खाली निघून जाते. पायाकडचा घेर वेल्क्रोने घट्ट आवळता आला पाहिजे, अन्यथा कापड सायलेन्सरला टेकून वितळते. पोंचो तर घाटात वापरूच नये, कारण तो वाऱ्याने फुगतो आणि चाकात किंवा साखळीत अडकू शकतो.

हातांच्या बाबतीत मी अजून समाधानी नाही. जलरोधक म्हणून घेतलेल्या हातमोज्यांत पाणी क्वचितच शिरले, परंतु वरचे कापड भिजून गार पडते आणि ओला हात बाहेर काढला की आतले अस्तर बोटांसोबत उलटे होऊन येते, मग मोजा पुन्हा घालणे जिकिरीचे होते. मोज्यावरून रेनसूटची बाही घेऊन ती आवळल्यास दंडावरून ओघळणारे पाणी आत जात नाही, हे मात्र नक्की. हँडलवरच्या हँडगार्डने मोज्यांपेक्षाही अधिक फरक पडला. वारा थेट बोटांवर न आल्याने ब्रेकची पकड शेवटपर्यंत सैल पडली नाही.

हेल्मेटच्या काचेवर धुके धरणे हा गैरसोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे धुरकट काचेवर फाकले की रस्त्याची कडा दिसत नाही. काचेच्या आत बसणाऱ्या पिनलॉकच्या पापुद्र्यामुळे दोन थरांत हवा कोंडून राहते आणि धुके धरत नाही. संपूर्ण पावसाळ्यात ही एकच वस्तू पूर्ण भरवशाची ठरली. हेल्मेट घेताना आयएसआय चिन्हासोबत काचेवर पिनलॉकच्या खुंट्या आहेत का, हेही पाहावे.

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात पहाटे दवबिंदू गोठतात, तेव्हा हाच रेनसूट वारा अडवण्याच्या कामी आला. दहा अंश तापमानात ताशी साठच्या वेगाने जाताना उघड्या कातडीला पाच अंशांइतकी थंडी जाणवते, त्यामुळे वारा अडला की निम्मे काम होते. आत सुती बनियनऐवजी घाम शोषून न धरणारे थर्मल, त्यावर पातळ लोकरी स्वेटर आणि गळ्याभोवती बफ (नळीसारखा ताणणारा गळपट्टा) एवढे पुरते. जाड स्वेटर घातल्यास कोपरांचे पॅड जागचे सरकतात, आणि पडल्यावर त्यांचा उपयोग होत नाही.

निगा हा कंटाळवाणा भाग असला तरी सूटचे आयुष्य तिच्यावरच ठरते. ओला सूट गुंडाळून डिकीत ठेवला की बुरशी येते आणि शिवणीच्या पट्ट्या सुटतात; तो आधी आतली बाजू बाहेर करून, मग सुलट, सावलीत पंख्याखाली वाळवावा. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते एकदा बदलले तर सकाळी बूट घालण्याजोगे होतात. सुटलेल्या शिवणीवर मी मे महिन्यात सीम सीलरचे (शिवणीची भोके बुजवणाऱ्या द्रवाचे) दोन हात देणार आहे आणि हातमोज्यांसाठी वरून चढवायचे जलरोधक खोळ घेणार आहे, म्हणजे आतले उबदार मोजे भिजण्याचा प्रश्नच उरणार नाही.