भांडुपचं गाडी धुण्याचं दुकान आणि तिथे भेटलेली एमएच-10 ची रोल्स रॉइस

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे सांगतो.

दुकान भांडुप पश्चिमेला, एलबीएस रोडवरून आतल्या गल्लीत, टायरवाल्याच्या शेजारचं शटर, बोर्ड लहान आहे त्यामुळे पहिल्यांदा मी पुढे निघून गेलो होतो. माझी वॅगनआर 2014 ची, पांढरी, आणि मी राहतो कांजूरला रेल्वेच्या भिंतीला लागून, गाडी तिथेच उभी असते. वर्षभरात रंगावर बारीक नारिंगी ठिपके पडले, मला वाटलं पत्रा गंजला, आणि एका गॅरेजने तर सरळ पूर्ण रंग काढायला सांगितला होता, 35 हजार. इथल्या दादाने एक ठिपका नखाने खरवडला आणि म्हणाला, "साहेब, पत्र्याला काही झालेलं नाही, लोकलच्या ब्रेकची आणि रुळाची लोखंडी भुकटी उडते ती रंगात रुतून बसते आणि मग तीच गंजते." त्याने एक स्प्रे मारला आणि दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या बॉनेटवरून जांभळे ओघळ यायला लागले, लोखंडाला लागलं की त्या औषधाचा रंग बदलतो म्हणे. मग धुवून वरून क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, फिरवली आणि मला म्हणाला हात लावून बघा. काचेसारखं गुळगुळीत! आतलं व्हॅक्यूम धरून 2600 घेतले. 35 हजारांच्या कामात 2600 घेणारा माणूस मिळाला यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

पण त्या दिवशी अजून एक गोष्ट झाली ती पण लिहितो, कारण दुकान कसं आहे ते त्यातूनच कळेल.

माझं काम चालू असताना गल्लीत एक रोल्स रॉइस घोस्ट आली. भांडुपच्या गल्लीत! समोरच्या वडापाववाल्याचं तळण थांबलं, शाळेची पोरं जमली. नंबर एमएच-10, म्हणजे सांगली. बाकड्यावर आम्ही चौघं होतो आणि लगेच सुरू झालं, एक म्हणाला गुंठामंत्री असणार, दुसरा म्हणाला रस्त्याचा कॉन्ट्रॅक्टर, तिसरा म्हणाला कुठल्यातरी नेत्याची बेनामी गाडी. मी बोललो नाही पण मनात माझ्याही गुंठामंत्रीच आलं, हे खरं सांगतो. मुंबईत एमएच-01 ला अशी गाडी दिसली की आपण म्हणतो मोठा उद्योगपती असेल, आणि तीच गाडी सांगली-साताऱ्याची किंवा पनवेलची निघाली की एकदम जमीन विकली, पैसा उडवतोय. पनवेल-उरणकडच्यांना तर हे कायम ऐकावं लागतं. अरे, तिथली जमीन नवी मुंबई वसवायला सिडकोसाठी सरकारने संपादित केली होती, नुसत्या रास्त मोबदल्यासाठी ती माणसं 1984 ला जासईला रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, माणसं गेली. त्यांच्या नातवाने चांगली गाडी घेतली तर आपल्या पोटात का दुखावं?

घोस्टमधून पन्नाशीचा माणूस उतरला, पांढरा शर्ट, साधी चप्पल, स्वतः चालवत आला होता, ड्रायव्हर नाही. मागच्या सीटवर त्याची आई. त्या गाडीचे मागचे दरवाजे उलटे उघडतात, वाड्याच्या दारासारखे, त्याने आईला हात धरून उतरवलं आणि बाकड्यावर आमच्या शेजारी आणून बसवलं. आम्ही सरकून जागा दिली. हायवेवर डांबराचे थेंब उडून बसले होते, तेवढे काढायचे होते. दादाने सांगितलं, "काका, दोन गाड्या पुढे आहेत, पाऊण तास लागेल." माणूस म्हणाला, "चालंल की, बसतो." पुढच्या दोन गाड्या म्हणजे माझी वॅगनआर आणि एक टुरिस्ट परमिटची इको. इकोवाला स्वतःहून म्हणत होता यांची आधी घ्या, तरी दादाने नंबर मोडला नाही. मला हे फार आवडलं.

बसल्या बसल्या बोलणं निघालं. विट्याजवळचं गाव, खानापूर तालुका, आणि धंदा गलाईचा. मुंबईत झवेरी बाजाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना गलाईवाले माहीत असतील, बाकीच्यांसाठी सांगतो, जुने दागिने वितळवायचे, त्यातलं तांबं-चांदी वेगळं करायचं आणि शुद्ध सोनं काढायचं. खानापूर-आटपाडीचा भाग कायम दुष्काळी, टेंभू सिंचन योजनेचं पाणी यायच्या कितीतरी आधी तिथली माणसं या कामासाठी घर सोडून देशभर पसरली, पार केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-पंजाबपर्यंत. याचे वडील कोचीला दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला लागले होते. आई म्हणाल्या, "तेजाबाच्या धुरानं खोकून खोकून रात रात झोप नसायची त्यास्नी." गाडी नवी नाही, दिल्लीहून जुनी घेतली आणि सांगली पासिंग करून घेतली. का घेतली विचारलं तर म्हणाला वडिलांनी कोचीला एका शेठची अशी गाडी बघितली होती आणि घरी येऊन सगळ्यांना तिचं वर्णन सांगितलं होतं. वडील आता नाहीत. बाकड्यावर मग कोणी कॉन्ट्रॅक्टर-बिंट्रॅक्टर बोललं नाही.

मला 2010 चं औरंगाबाद आठवलं, तिथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा मंडळींनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, 65 कोटींचा सौदा. तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे हेच म्हणत होते की तिथे एवढा पैसा आला कुठून. तिथल्या वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यांना सुटे भाग कोण पुरवतं हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. आणि हौसच म्हणाल तर कोल्हापूरच्या राजघराण्याची जुनी मेबॅक अजूनही दसऱ्याला बाहेर निघते, ती बघायला लोक रस्त्याच्या कडेला उभे असतात.

आता काम. घोस्टच्या कडेने एक बारीक रेघ असते, ती कारखान्यात माणूस ब्रश घेऊन हाताने मारतो. दादाने आधी त्या रेघेवर पूर्ण टेप लावली आणि मगच डांबर काढायला घेतलं, मशीन तिच्या जवळ नेलंच नाही. पोरांनी चाकं धुताना मला बोलावून दाखवलं, गाडी दोन फूट पुढे घेतली, चाक फिरलं पण मधली आरआर अक्षरं सरळच्या सरळ! आत खालच्या बाजूला वजन असतं म्हणून ती कायम उभीच राहतात. पोरं मोबाईल काढायला लागली तेव्हा दादाने एवढंच सांगितलं की गाडीचा फोटो काढा, नंबर प्लेटचा नको, आजींचा तर अजिबात नको.

अर्धा स्टार कापला तो मॅटसाठी. माझं मागचं डावं मॅट ओलंच टाकलं होतं, दुसऱ्या दिवशी गाडीत कुबट वास. फोन केला तर संध्याकाळी पोरगा घरी येऊन मॅट घेऊन गेला आणि सुकवून परत दिलं, पैसे नाही घेतले, पण हे आधीच व्हायला हवं होतं. बाकडं दुपारी उन्हात येतं, वर ताडपत्री टाकली तर म्हाताऱ्या माणसांची सोय होईल. बिल मागितलं तरच मिळतं. रविवारी जाऊ नका, गल्लीत उभं राहायला जागा नसते, मंगळवार-बुधवार सकाळी नऊच्या आत गेलात तर अकरापर्यंत मोकळे. रेल्वे लाइनजवळ गाडी लावणाऱ्यांनी वर्षातून एकदा ते जांभळ्या स्प्रेचं काम करून घ्याच, आणि रंग काढायचा कोणी सल्ला दिला तर आधी इथे दाखवा. पावसाळा संपला की मी खालून धुवून अँटी-रस्ट मारायला परत जाणार आहे, 1800 सांगितलेत.