तळेगाव ते पुणे रोजचं जाणंयेणं: बाईक, कार, बस की लोकल?

पुण्यात नोकरी आणि तळेगाव दाभाड्यात घर, असा विचार करणारे हल्ली बरेच जण भेटतात. तळं बघून झालेलं असतं, हवा आवडलेली असते, घराचं बजेटही जमत असतं, आणि मग सगळं येऊन अडतं ते रोज जायचं कसं यावर. मी तळ्याच्या बाजूला राहतो, ऑफिस शिवाजीनगरला, आणि गेल्या आठनऊ वर्षांत बाईक, कारपूल, बस, लोकल हे चारही प्रकार करून झालेत. त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या अनुभवावरून, घड्याळ लावून काही मोजलेलं नाही, आणि तुमचं ऑफिस दुसरीकडे असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं हे आधीच सांगतो.

बाईकपासून सुरू करतो कारण माझीही सुरुवात तिथूनच झाली. जवळजवळ तीन वर्षं बाईकने गेलो. एक्सप्रेसवेवर दुचाकीला परवानगी नाही, म्हणजे जुना हायवेच, सोमाटणे फाटा, देहूरोड, निगडी, आणि मग चिंचवड-पिंपरीतून सरळ दापोडीचा पूल ओलांडून खडकी. सकाळी लवकर निघालात तर हा प्रवास खरंच छान होतो, हिवाळ्यात बेगडेवाडीच्या आसपास धुकं असतं आणि तेवढा पट्टा तर मला अजूनही आठवतो. हवं तेव्हा निघता येतं, वाटेत भाजी घेता येते, कुणासाठी थांबावं लागत नाही. पण मावळातला पाऊस चार महिने असतो आणि या रस्त्यावर चाकणकडे आणि मुंबईकडे जाणारे कंटेनर दिवसभर असतात. कंटेनरच्या मागच्या चाकांतून जे पाणी उडतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात माती आणि ऑईल असतं, हेल्मेटच्या काचेवर एकदा बसलं की हातमोज्याने पुसलं तर अजून पसरतं, आणि चारपाच सेकंद तुम्हाला समोरचं काहीच दिसत नाही. रेनकोट कितीही चांगला घ्या, मोजे ओले होतातच. मी ऑफिसात मोज्यांचा जादा जोड ठेवायला लागलो होतो. तिशीच्या आत असाल, ऑफिस हिंजवडी, वाकड किंवा बाणेरला असेल तर मात्र बाईकचाच विचार करा, कारण लोकल त्या बाजूला जातच नाही आणि देहूरोडहून बायपासने तुम्ही शहरात न शिरता पोचता. कंपनीची बस मिळत असेल तर ती त्याहून बरी.

पीएमपीच्या बसबद्दल माझं फार काही म्हणणं नाही, मी जेमतेम दीड महिना केली. निगडीपर्यंत जायचं आणि तिथे बदलायचं, हे गणित आहे. निगडीहून पुढे बसेस भरपूर आहेत आणि दापोडीपर्यंत बीआरटीचा, म्हणजे फक्त बससाठी राखलेला, मार्ग आहे, त्यामुळे ज्यांचं काम निगडी, आकुर्डी, चिंचवड एवढ्यातच आहे त्यांना बस सोयीची पडते, आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू कित्येक वर्षं तशाच जातात आणि त्यांची काही तक्रार नाही. शिवाजीनगर किंवा त्याच्या पुढे जाणाऱ्याला मात्र दोनदा उभं राहणं जड जातं, निदान मला तरी गेलं.

आता कारपूल. हे मी दोन वर्षं केलं आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो काळ मजेचा होता. आम्ही चौघं, गाडी एकाची, पेट्रोल आणि सोमाटण्याचा टोल वाटून. एसी, गप्पा, पावसाचं टेन्शन नाही, लॅपटॉप मांडीवर घेऊन एखादा मेलसुद्धा व्हायचा. एक्सप्रेसवेचा आम्हाला या कामासाठी फारसा उपयोग नव्हता, तो किवळ्याला संपतो आणि पुढची गर्दी तशीच राहते. खर्च लोकलपेक्षा जास्त, पण चौघांत वाटला तर झेपणारा. फक्त पैशांचा आणि आरामाचा हिशोब असता तर मी अजून कदाचित त्यातच राहिलो असतो.

पण माझं सगळं ज्या एका गोष्टीवर फिरलं ती गोष्ट तुम्हाला फार छोटी वाटेल. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना डायबेटिस आहे. संध्याकाळची गोळी जेवणाच्या आधी अर्धा तास घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि अण्णा रात्रीचं माझ्याशिवाय जेवत नाहीत, आई गेल्यापासून तर नाहीच. म्हणून रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "गोळी घेऊ का रे?" एवढंच विचारायचे. आणि कारमध्ये बसून मला या प्रश्नाचं उत्तर देता यायचं नाही. कधी कासारवाडीपाशी अडकलेलो असायचो, कधी गाडीवाल्या मित्राची मीटिंग लांबली म्हणून अजून ऑफिसच्या खालीच उभा असायचो. थांबा म्हणालो तर जेवायला साडेनऊ व्हायचे, घ्या म्हणालो तर पुढे रस्त्यावर काय होईल याची खात्री नाही.

एकदा देहूरोड सोडल्यावर मी म्हणालो, घ्या अण्णा, वीस मिनिटांत आलोच. रस्ता मोकळा दिसत होता. पुढे सोमाटण्याच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झालेला होता आणि आम्ही एकाच जागी तासाभराहून जास्त उभे होतो, ना पुढे जाता येत होतं ना वळता येत होतं. मी दोनदा फोन करून सांगितलं की तुम्ही जेवून घ्या, ते हो म्हणाले आणि ताट झाकून बसून राहिले. घरी पोचलो तर अण्णा खुर्चीत, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि हात इतका थरथरत होता की पाण्याचा पेला धरता येत नव्हता. साखर उतरली होती. साखरेचं पाणी चमच्याने पाजलं, पंधरावीस मिनिटांनी जरा सावरले, आणि मग म्हणतात कसे, "तू येतोच म्हणालास ना." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आलो आणि त्याच आठवड्यात लोकलचा पास काढला.

लोकलचं कौतुक करायच्या आधी तिचे त्रास सांगतो. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून चालू आहे, पण या ६४ किलोमीटरवर अजूनही येणारी एक आणि जाणारी एक अशा दोनच लाईन आहेत, तिसऱ्या-चौथ्या लाईनची चर्चा आपण किती वर्षं ऐकतोय. म्हणजे मुंबईच्या, कोल्हापूरच्या, दक्षिणेच्या सगळ्या एक्सप्रेस आणि मालगाड्या याच रुळांवरून जातात आणि लोकलला त्यांच्यामधून वाट काढावी लागते. मुंबईसारखं एक गेली तर चार मिनिटांत दुसरी, असं इथे डोक्यातही आणू नका. एक चुकली की पुढची कधी आहे ते बघून चहा प्यायला जायचं. दुपारी तर मध्ये मोठा खंड असतो, त्यामुळे हाफ डे टाकून दुपारी घरी यायचं असेल तर आधी टाईमटेबल बघा. शिफ्टची नोकरी असेल, रात्री अकरा-बाराला सुटत असाल, तर मी लोकल सुचवणार नाही. आणि सकाळी लोणावळ्याहून भरून येणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळेलच असं नाही, दाराशी दूधवाल्यांचे कॅन असतात, त्यातून आत शिरायची सवय करावी लागते. काही गाड्या तळेगावातूनच सुटतात, त्या पकडल्या तर खिडकीही मिळते.

आता चांगलं. पास इतका स्वस्त आहे की बाईकची टाकी एकदा फुल करायचे पैसे त्याहून कितीतरी जास्त होतात, पण ते तुम्हाला माहीतच असेल. मला आवडलं ते वेगळंच. लोकल उशिरा येते, पण एकदा आत बसलात की ती कुठे आहे आणि अजून किती वेळ लागणार हे तुम्हाला कळतं. शिवाजीनगरहून तळेगावला मला पाऊण तासाच्या आतबाहेर लागतं, एखाद्या दिवशी खडकीच्या आसपास सिग्नलला थांबते तेव्हा दहा मिनिटं वाढतात. पण चिंचवड, आकुर्डी मागे पडलं आणि देहूरोड आलं की पुढे बेगडेवाडी, घोरावाडी आणि तळेगाव, एवढंच राहतं. मग स्टँडवरून स्कूटर काढायची, दहा मिनिटांत घर, हातपाय धुतले की ताटावर. बरोबर अर्धा तास होतो, चारदोन मिनिटं इकडेतिकडे.

म्हणून आता अण्णा फोन करत नाहीत, मी करतो. गाडी देहूरोडहून हलली की, "अण्णा, घ्या गोळी." पावसाळ्यात, दिवाळीच्या गर्दीत, सगळ्या दिवसांत हेच चालू आहे आणि दोन वर्षांत एकदाच असं झालं की गाडी घोरावाडीच्या अलीकडे बराच वेळ थांबली, तेव्हा लगेच शेजारच्यांना फोन करून अण्णांना दोन घास खायला बसवलं. मित्राची कार आरामाची होती हे मी आजही म्हणतो, आणि तुमच्या घरी असं कुणी वेळेला बांधलेलं नसेल तर तुम्हाला ती जास्त आवडेलही. पण लहान मूल पाळणाघरातून घ्यायचं असेल, संध्याकाळचा क्लास असेल, घरात आजारी माणूस असेल, तर लवकर पोचण्यापेक्षा किती वाजता पोचणार हे सांगता येणं जास्त गरजेचं असतं, असं मला तरी वाटायला लागलंय.

ऑफिस शिवाजीनगरच्या पुढे असलं तरी आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. शिवाजीनगरला लोकल सोडली की जवळच भुयारी मेट्रो आहे, २९ सप्टेंबर २०२४ पासून ती स्वारगेटपर्यंत जाते, आणि कोथरूड किंवा रामवाडीच्या बाजूला जायचं तर डिस्ट्रिक्ट कोर्टला (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) बदलायचं. माझा एक सहप्रवासी मंडईत कामाला आहे, तो आधी शिवाजीनगरहून रिक्षा करायचा, आता मेट्रोने जातो आणि खूश आहे. मेट्रो पिंपरीहून निगडीपर्यंत वाढवायचं काम चालू आहे, ते झालं की बसने निगडी आणि पुढे मेट्रो हाही पर्याय होईल, तेव्हा बसबद्दलचं माझं मत कदाचित बदलेल.

घर बघताना एक गोष्ट नक्की तपासा. तळेगावचे गाव भाग आणि स्टेशन भाग असे दोन भाग आहेत आणि स्टेशन पाच मिनिटांवर अशी जाहिरात दोन्हीकडे असते. गाव भागात घेतलंत तर तळं जवळ, बाजार जवळ, पण स्टेशनपर्यंत स्वतःची स्कूटर किंवा रिक्षा धरून चाला आणि स्टँडवर गाडी लावायला लागणारा वेळही धरा. साईट बघायला रविवारी कारने येऊ नका, रविवारचा रस्ता वेगळा असतो. बुधवार-गुरुवार बघून एक दिवस संध्याकाळी सहाच्या सुमाराला शिवाजीनगरहून लोकलने या, उभं राहून या, स्टेशनवर उतरून त्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत जा आणि तिथे घड्याळ बघा. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कारने या.